तंत्रज्ञान आणि संस्कृतीवरचं मासिक मराठीत, तेही सोलापुरातून?

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

मराठीत तंत्रज्ञानावर जे लिहिलं जातं ते बहुतेक दोन टोकांचं. एकीकडे कोणता फोन घ्यावा, बॅटरी किती, किंमत किती. दुसरीकडे मोबाइलने पिढी वाया घालवली. यंत्र घरात आल्यावर घर कसं बदलतं, कामाच्या वेळा, लग्न जमवायची रीत, देवदर्शन, पगार, भाषा यांचं काय होतं, यावर माणसांना भेटून नेमाने लिहिणारं मासिक आपल्याकडे हवं. आणि ते सोलापुरातून निघावं, असं मला मनापासून वाटतं.

या जातीतलं सगळ्यात ठळक नाव अमेरिकेतल्या ‘वायर्ड’चं. लुई रोसेटो आणि जेन मेटकाफ यांनी १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोतून ते काढलं. त्याआधी हे दोघं अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘इलेक्ट्रिक वर्ड’ नावाचं मासिक चालवत होते आणि त्याचा विषय होता भाषा आणि संगणक. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ‘वायर्ड’ यंत्रांच्या दुकानातून आलं नाही, भाषेचं काय होणार या कुतूहलातून आलं. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी पहिले पैसे घातले आणि स्तंभही लिहिला. केविन केली कार्यकारी संपादक. माध्यमांचा अभ्यासक मार्शल मॅकलुहान १९८० सालीच वारला होता, तरी श्रेयनामावलीत त्याचं नाव कुलदैवताच्या मानाने छापलेलं असे. रंग तर असे भडक, फ्लुरोसंट, की स्टॉलवर नजर तिथेच जावी.

त्या काळातली बाकीची संगणक-मासिकं मेमरी आणि प्रिंटरच्या किमती छापत होती. ‘वायर्ड’ने विचारलं, हे बनवणारी माणसं कोण आहेत, त्यांना काय हवंय आणि त्यामुळे बाकीच्यांचं आयुष्य कुठे वळतंय? जेफ हाव यांनी जून २००६ च्या अंकात एखादं काम इंटरनेटवरच्या मोकळ्या गर्दीकडून करून घेण्याला ‘क्राउडसोर्सिंग’ हे नाव दिलं. ख्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये ‘लाँग टेल’ मांडलं: दुकानाच्या फळीची मर्यादा गेली की थोड्या थोड्या खपाच्या असंख्य वस्तू मिळून मोठा बाजार होतो. माझ्या लेखी सगळ्यात मोठा लेख मात्र एप्रिल २००० मधला. बिल जॉय हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे घरातलेच. त्यांनी लिहिलं की जनुकतंत्र, अतिसूक्ष्म यंत्रं आणि रोबो यांमुळे माणूसच धोक्यात येऊ शकतो. बनवणाऱ्यानेच भीती सांगावी आणि ती याच मासिकाने छापावी, याला धैर्य लागतं.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. लोखंडी नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. शंकरराव किर्लोस्करांनी त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडवलं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगराच्या माहितीपासून निघालेलं पत्रक बालविवाह, अंधश्रद्धा, स्त्रियांचं शिक्षण इथपर्यंत गेलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात आले. नांगर बदलला की शेत बदलतं, शेत बदललं की घर बदलतं, हे त्या संपादकाला दिसत होतं. शंभर वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका माळावरून हे झालं, तर आज सोलापुरातून का होऊ नये?

सोलापूरच का, याचं उत्तर माझ्या घराजवळच्या कारखान्यात आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे यंत्र सिद्ध केलं: पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तिथे हुक वर जातो, ताण्याचा म्हणजे उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा जागीच. कार्डांची माळ बदला, नक्षी बदलते. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं. सुमारे २४,००० कार्डं वापरून रेशमात विणलेलं जकार्डचं चित्र त्याच्याकडे होतं. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांची कार्डं वापरली आणि त्याच्या कंपनीच्या वंशात पुढे आयबीएम आली. म्हणजे संगणकाच्या खापरपणजोबासोबत या शहराने आयुष्य काढलंय, आणि ते आयुष्य कसं होतं हे मराठीत फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तर अशा मासिकात काय असावं? तुमच्या गल्लीतला, घरातला विषय सांगा.

बाळीवेस

कल्पनेला पाठिंबा, पण ‘वायर्ड’ समोर ठेवताना जपून. ते मासिक वाढलं ते तंत्रज्ञानाच्या तेजीवर. जुलै १९९७ मध्ये त्यांनी ‘लाँग बूम’ नावाचा लेख छापला: जगापुढे भरभराटीची पंचवीस वर्षं आहेत. तीन वर्षांत डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला. फेब्रुवारी २००४ च्या मुखपृष्ठावर भारतीय तरुणी होती, आतला विषय अमेरिकेतून भारतात जाणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या नोकऱ्यांचा. आपण तिथे पोहोचलो, पण दुसऱ्याच्या काळजीचा विषय म्हणून. जग सॅन फ्रान्सिस्कोच्या खिडकीतून बघितलं की असंच दिसणार.

आणि पैशाचं काय? ‘वायर्ड’च्याच ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. ज्या जाहिरातींनी पुढे छापील नियतकालिकांचं उत्पन्न ओढून नेलं, त्यांची सुरुवात एका मासिकाच्या अंगणात झाली. १९९८ मध्ये मासिक कोंडे नास्ट या प्रकाशनसंस्थेने घेतलं, संकेतस्थळ लायकोस या इंटरनेट कंपनीकडे गेलं, आणि ते परत एका छताखाली यायला २००६ उजाडलं. तिथे ही ओढाताण, तर इथे नव्या पेठेतले दुकानदार दिवाळी अंकाला अर्धं पान देताना दहा वेळा विचार करतात. आधी हिशेब मांडा.

होटगी रोड

बाळीवेस, ‘लाँग बूम’बद्दल एक भर. त्याच लेखात भरभराट अडवू शकतील अशा दहा गोष्टींची यादी होती, त्यात आवरता न येणारी महासाथही होती. म्हणजे धोके त्यांना दिसत होते, जोर मात्र उत्साहावर होता. आपल्या मासिकाने जोर कुठे द्यायचा, हा संपादकाचा निर्णय. तो पहिल्या अंकापासून स्पष्ट असावा.

मला त्यांच्या एका कामाचा हेवा वाटतो. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी कादंबरीकार नील स्टीफन्सन यांना समुद्राखालच्या ‘फ्लॅग’ केबलच्या मागावर पाठवलं. ब्रिटनपासून जपानपर्यंत, सुमारे २८,००० किलोमीटरची केबल, वाटेत मुंबईही. खोदणारे मजूर, जहाजं, परवाने, जुन्या तारायंत्राचा इतिहास, सगळं त्या एका प्रचंड लेखात आलं. असा लेख एका टॉवेलवर होऊ शकतो. सूत कुठून येतं, कांड्या कोण भरतं, माग कोणत्या देशातला, ऑर्डर कुठल्या ॲपवर येते, आणि भाव ठरतो तेव्हा विणणाऱ्याला तो कधी कळतो. नुसती माहिती नको, त्या टॉवेलच्या मागे मागे चालणारा लेखक हवा. असा एक लेख वर्षात झाला तरी मासिकाचं सार्थक होईल.

विडी घरकुल

माझा विषय सांगते. विडी वळणाऱ्या बायकांची बोटं.

माझी आई लहानपणापासून विड्या वळते. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. वर्षानुवर्षं हे केलं की बोटांच्या टोकावरच्या रेषा झिजतात. पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. २०१४ पासून तो अंगठ्यावर घरबसल्या मिळायची सोय झाली, योजना चांगली आहे. पण आईचा अंगठा उठेना. एका केंद्रावर तिला तेल लावून, हात धुऊन, पुसून, परत परत बोट टेकवायला लावलं, आणि शेवटी ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं. जिवंत बाई समोर बसलीय, आणि यंत्र तिला ओळखत नाही म्हणून तिचा महिना अडतो. डोळ्याच्या बुबुळाची सोय आहे, २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळखायची सोयही आली. ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती, शेजारच्या कॉलेजच्या मुलीने मोबाइलवर करून दिलं. ती मुलगी आता आमच्या गल्लीतल्या कितीतरी आजींचे दाखले काढते.

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत विडी कामगार बायकांनी लढून मिळवली, त्याची बातमी देशभर गेली. पण रोजच्या आयुष्यात या बायका यंत्रांशी कशा झुंजतात, ते कुणी लिहीत नाही. तुमच्या मासिकाने त्या मुलीवर लेख लिहावा. नवीन मशीन बनवणाऱ्यावर खूप लिहून येतं. मशीन आणि माणूस यांच्या मधे उभं राहून दोघांना जुळवून देणाऱ्यावर नाही.

अक्कलकोट रोड

ताई, हा लेख पहिल्याच अंकात हवा, आणि तुम्हीच लिहावा. ज्याने यंत्र बनवलं त्याच्या डोक्यात कोणतं बोट होतं, हा प्रश्न मला आजवर कुठल्याही मोठ्या मासिकात इतका थेट भेटलेला नाही.

भोंगा

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आमच्या चाळीत घड्याळ मोजक्या घरांत, पण वेळ सगळ्यांना कळायची, कारण भोंगा. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला डबा बांधून वडील दाराबाहेर. बायका दूध तापवायच्या, भांडी घासायच्या, मुलांना उठवायच्या, सगळं भोंग्यावर. तीन पाळ्यांचं शहर असल्यामुळे रात्री बारालाही रस्त्यावर माणसं असायची, हॉटेलं उघडी असायची, भजनी मंडळ आणि तालमीच्या वेळासुद्धा पाळ्या बघून ठरत. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार गेला हे सगळ्यांनी लिहिलं. वेळ गेली, हे फार थोड्यांनी. वडील कितीतरी वर्षं पाळीच्या वेळेला तयार होऊन ओट्यावर बसायचे.

आता माझा नातू जेवण पोचवायचं काम करतो. त्याच्या फोनवर ऑर्डर वाजली की तो ताटावरून उठतो. भोंगा सगळ्या शहराला एकदम वाजायचा, त्यामुळे सगळे एकदम थकायचे, एकदम सुट्टीवर यायचे, आणि म्हणून संघटना उभी राहायची. याचा फोन याच्या एकट्यासाठी वाजतो. त्याच्यासारखी मुलं पार्क चौकात गाड्यांवर बसलेली असतात, एकमेकांचं नाव माहीत नसतं. यावर कुणीतरी अभ्यास करून लिहा. मी सांगायला बसतो, लिहून घ्या.

जुळारी

तुमच्या आधी माझ्या धंद्याचं लिहून घ्या, कारण ते अक्षरशः वाचता न येण्याच्या वाटेवर आहे.

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीवर, आलो. नव्वदच्या दशकात ‘श्री-लिपी’सारखी सॉफ्टवेअर आली आणि आमचं काम पार बदललं. तेव्हाच्या फाँटमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. संगणकाच्या आत ‘क’ नव्हताच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र होतं. म्हणून त्या काळातले दिवाळी अंक, स्मरणिका, जातवार वधू-वर सूची, देवस्थानांची पत्रकं, सगळ्या फायली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरमांडणीत, फिरवून घ्यायची साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूसच लागतो. आणि ज्या फायली फ्लॉपीवर राहिल्या, त्या गेल्याच.

पहिला दिवाळी अंक १९०९ चा, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा. तो कागदावर आहे म्हणून आजही वाचता येतो. १९९७ ची एखादी स्थानिक स्मरणिका मात्र कागद संपला की संपली. मासिक काढणार असाल तर दोन गोष्टी करा: सगळं युनिकोडमध्ये ठेवा, आणि थोड्या तरी प्रती चांगल्या कागदावर छापून वाचनालयांत द्या. फक्त पडद्यावर विसंबू नका.

तळ्याकाठी

जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर्सचा, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटली. बातम्यांत क्यूआर कोड आणि पुरस्काराची रक्कम गाजली. मला त्यातली वेगळी गोष्ट मोठी वाटते. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक वेगळ्या भाषेत. सरांनी आधी ती भाषा शिकून घेतली, धडे मुलांच्या भाषेत आणले, आणि मग पुस्तकावर कोड आला. म्हणजे आधी कान, मग यंत्र.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला जन्मला. तो पाठ्यपुस्तकात येतो, भेळेच्या गाडीवर येतो, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं त्याचा आपापला उपयोग लावतात. माझ्या वर्गात घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि गल्लीत दखनी बोलणारी मुलं आहेत. एका वाक्यात तीन भाषा सहज येतात. फोनला बोलून लिहायला सांगितलं की तो बहुतेक वेळा आधी एक भाषा निवडायला लावतो, मग मुलं फोनसाठी वेगळं, सपाट बोलायला लागतात. धागाकर्त्यांनी ‘इलेक्ट्रिक वर्ड’चा उल्लेख केला म्हणून हे आठवलं. भाषा आणि संगणक या विषयाला सोलापूरइतकी चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही.

काय बे

अण्णा, जकार्डचं तुमी लिवलंय ते बरोबर हाय, पन निम्मंच हाय. नक्षी कोन काढतंय ते र्‍हायलं की.

आमच्यात ग्राफ काढनारा येगळा आन कार्ड पंच करनारा येगळा. ग्राफच्या कागदावर येक येक चौकोन रंगवायचा. रंगलेल्या चौकोनाला भोक, मोकळ्याला न्हाई. आपली चादर दोन्ही अंगानं वापरता येती, हिकडं जो रंग फुलाचा तो तिकडं जमिनीचा, म्हनून ग्राफ काढनाऱ्याला दोन्ही बाजू डोक्यात धराव्या लागत्यात. येक चौकोन चुकला तर मोराच्या मानेला खाच पडती आन सगळा माल दुय्यम. माझे चुलते ग्राफवाले. शाळा चौथी. पन मोर, वेल, कमळ, नाव, काय पन सांगा, कागद न बघता किती कार्डं लागतील ते सांगायचे. त्याला आता कोडिंग म्हनत्यात, तवा मजुरी म्हनायचे.

आता कॉम्प्युटरवर डिझाइन करत्यात, इलेक्ट्रॉनिक जकार्डला कार्डच लागत न्हाई, पेन ड्राइव्ह लावली की चालू. काम झ्याक होतंय, येळ वाचतोय, त्याला माझा इरोध न्हाई. पन ज्यानं ग्राफ काढला त्याचं नाव चादरीवर कुटंच न्हवतं आन आजबी न्हाई. भौगोलिक मानांकन सोलापूरला मिळालं, चांगलं झालं. नक्षीवाल्याला काय मिळालं? तुमच्या मासिकात चादरीचा फोटू छापाल तवा खाली नक्षी कुनाची ते छापा. तेवढं केलं तर मी वर्गनी भरतो.

बाळीवेस

हा नियम मासिकाच्या पहिल्या पानावर छापायचा: यंत्राचा फोटो आला तर ते चालवणाऱ्याचं आणि त्यावरची रचना करणाऱ्याचं नाव. ‘वायर्ड’ने संस्थापक आणि गुंतवणूकदार यांना नटांसारखं मुखपृष्ठावर आणलं. आपण ग्राफवाल्याला आणू.

हिशेबाचा माझा मुद्दा मात्र कायम आहे. मासिकाऐवजी त्रैमासिक करा. जाहिरातीवर न चालवता वर्गणीवर चालवा. तेलुगू आणि कन्नड वाचकांसाठी निवडक लेखांचं वाचन ध्वनिमुद्रित करा, छपाईपेक्षा स्वस्त पडेल आणि मागावर, विडीच्या सुपासमोर बसून ऐकता येईल. हात गुंतलेल्या माणसांचं शहर आहे हे.

विडी घरकुल

ऐकायचं मासिक असेल तर आमच्या गल्लीत नक्की चालेल. विड्या वळताना पूर्वी कुणीतरी पोथी वाचायचं, नंतर रेडिओ आला, आता मोबाइलवर मालिका लावून ठेवतात. माझा लेख मी स्वतः वाचेन, मराठीत आणि तेलुगूतही.

होटगी रोड

काय बे, तुमच्या चुलत्यांचे ग्राफ आणि कार्डं कुठे शिल्लक आहेत का? जुनी कार्डं स्कॅन केली तर भोकांवरून मूळ नक्षी संगणकावर परत उभी करता येते, मी ते करून देऊ शकतो. कार्डांचा क्रम मात्र मोडलेला नसावा.

काय बे

गड्ड्या हायत माळ्यावर, दोऱ्यानं शिवलेल्याच हायत, म्हंजे क्रम हाय. ग्राफ थोडे उंदरानं खाल्ले. चुलते बोलतात अजून, कुठल्या गड्डीत काय नक्षी ते त्यास्नी इचारूनच उघडायचं. सकाळी या, दुपारी ते झोपत्यात.

अक्कलकोट रोड

रविवारी सकाळी येतो. होटगी रोड, तुमच्याकडे मोठ्या मापाचा स्कॅनर आहे का? कार्डांच्या माळा लांब असणार, त्यामुळे सपाट टेबल आणि वरून फोटो काढायची सोय लागेल. जुळारीकाका, प्रत्येक गड्डीची नोंद कशी ठेवायची त्याचा एक तक्ता तुम्ही करून द्याल का? नक्षीचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कारखाना, साल, सुताचा प्रकार इतकं मला सुचतंय. आणखी काय रकाने हवेत ते इथेच सांगा.

जुळारी

रंगांचा रकाना घाला, आणि ‘कुणी सांगितलं’ हाही. तक्ता उद्या टाकतो, युनिकोडमध्ये.